दोन्ही दिवे

साडेसातशे ग्रॅमचं वजन तलवारीच्या टोकावर ठेवायचं.
टोकाने ते उचलून धरलं, तर हत्यार खरं.
नाहीतर स्प्रिंग बदला, तिवादार म्हणायचा
आणि पेचकस कानामागे खोचायचा, सुतारासारखा.
देब्रेत्सेनच्या जुन्या सूतगिरणीत,
जिथे अजून यंत्रांच्या तेलाचा वास येतो,
मंगळवारी आणि शुक्रवारी त्यानेच मला शिकवली हूल.

खांद्याकडे बघ, मनगटावर मार.
मनगट दाखव, गुडघा घे.
आणि सगळ्यात वरची विद्या तो मार्चमध्ये द्यायचा,
बाहेर बर्फाचा चिखल झालेला असताना:
वार कर, पण अडवला जाण्यासाठीच कर.
समोरच्याला वाटू दे, वाचलो.
तो उलटून येईल.
तुझं खरं पातं तेव्हा निघतं.

याच माणसाशी मी लग्न केलं.

"नळ ठिबकतोय," तो म्हणतो.
मी अडवते: प्लंबरला दोनदा फोन केलाय.
"फोनला तुला वेळ असतो म्हणा."
तेव्हा कळतं, नळ नव्हताच कधी.
मिश्कोल्त्सच्या बहिणीशी मी तासभर बोलते, ते होतं.
लेकी बोले सुने लागे;
आमच्याकडे नळाला बोलतात.
मीही काही कमी नाही.
"मी काय बोलणार बाबा," म्हणत टोक खाली सोडते,
छाती उघडी ठेवते, तो आत येईपर्यंत.
एकोणीस वर्षं.
गुण कुणी मोजले नाहीत, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो.

पलीकडच्या खोलीत झोंबोर हेडफोन लावून
एका दगडी राक्षसाच्या हातून मरत असतो.
आज एकतिसाव्यांदा.
वैताग नाही का रे येत?
"मी लढतच नाहीये अजून, आई. बघतोय.
डावा हात उचलला की दोन श्वास, मग शेपटी.
तिसऱ्या खेपेला खोटी शेपटी.
चिडलं की माणूस बटणं बडवत सुटतो."
चौदा वर्षांचा आहे.
जेवणाच्या टेबलावर तो कधीच बोलत नाही,
मला वाटायचं, लाजाळू आहे.

नोव्हेंबरात सोलनोकला सामने होते.
माझ्यासमोर बोग्लार्का नावाची पोरगी,
दातांना तार, बूट बहुधा भावाचे,
शिकायला लागून जेमतेम चार महिने.
मी खांद्याकडे हूल दिली. तिला ती दिसलीच नाही.
ज्याला भाषा येत नाही, त्याला टोमणा लागेल कसा?
तिने फक्त हात सरळ केला
आणि आली.
पुन्हा आली. पाच-दोन.
जाळी वर करून मला म्हणाली, "लागलं का हो?"

परतताना धुकं. वायपर रबर संपल्यासारखे रडत होते.
"शेवटच्या वाराला तू उशीर केलास," तिवादारने सुरुवात केली,
आणि मला ओळखू आलं, हा खांदा,
मनगट पुढच्या वळणावर येणार.
ढाल माझ्या जिभेवर तयार होती,
तिच्यामागे सुरीसुद्धा.
का कोण जाणे, मी हात सरळ केला.
"मला तुझी भीती वाटायला लागलीय," म्हणाले,
आणि त्याच क्षणी,
सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आत,
तो म्हणाला, "जानेवारीत क्लब बंद करतोय मी. पैसे संपले."

बाकीच्या तलवारींत पंच ठरवतो, आधी हक्क कुणाचा.
आमच्या एपेत नाही.
दोन्ही दिवे लागतात, लाल आणि हिरवा,
दोघांच्याही नावावर एकेक गुण, खेळ पुढे चालू.

पुढे कोण बोललं ते लिहीत नाही.
आधी बराच रस्ता गेला, एक पेट्रोल पंप गेला.
मागच्या सीटवर झोंबोरने
एका कानावरचा हेडफोन काढला.